लाल म्हणजे बाद

३ ऑक्टोबर १९९४
लाल म्हणजे बाद! आज पुन्हा घसा फोडून सांगितलं. जर्मनीच्या हेड ऑफिसचा हुकूम — ज्या पंपावर लाल ठिपका, तो पाठवायचा नाही. फोरमन शिवरामभाऊ म्हणतात, "मॅडम, खराब पंप आपल्याला हात लावला की समजतो." समजत असेल! जर्मनीला कसं समजणार?
सतरा तारखेला त्यांचा ऑडिटर येतोय. तो पास म्हणाला तर मी क्वालिटी खात्यात कायम. नाहीतर विठ्ठलवाडीला घरी बसून शिकवण्या. आई रोज विचारते, "झालीस का कायम?"

१३ ऑक्टोबर
दिवसभर ठाण्याला. वजनकाटा तपासून आणला. डोकं ठणकतंय. उद्या दसरा — झोपणार.

१५ ऑक्टोबर
मेले! परवा खंडेनवमीला मी नव्हते आणि यांनी पूजा उरकली. मशीनला हळदकुंकू, पान्यांना हळदकुंकू, आणि पास होऊन पडलेल्या एकूण एक पंपाला हळदकुंकू! अख्खं गोडाऊन लाल. माझ्याच नियमाने सगळा माल बाद!
मी ओरडले, "पुसा ते कुंकू!"
पॅकिंगच्या बायकांनी हातातलं काम खाली ठेवलं. आपण सवाष्णींना काय बोललो ते मला उशिराच कळलं. पॅकिंगच्या रखमाबाईंनी तर पाठच फिरवली. शिवरामभाऊ म्हणाले, "मॅडम, काय पन करा, कुंकू कोन पुसनार नाय."
मीच फडकं उचललं, पण हात होईना. माफी मागितली. कुणी वर बघितलं नाही. लाज वाटते मला माझीच.

१७ ऑक्टोबर
ऑडिटर गोडाऊनच्या दारातच थांबला. "सगळा माल बाद?"
मी म्हटलं, नाही, नाही! नुसतं लाल असेल तर बाद. पिवळ्यावर लाल म्हणजे... तो म्हणाला, कामगारांनाच विचारू. आणि बोट नेमकं रखमाबाईंकडे!
रखमाबाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "पूजा केलेला पंप वरीसभर दगा देत नाय. आन ते पुसायचं नसतं. सांग त्याला, बाय."
मी इंग्रजीत सांगितलं — तपासणी पूर्ण, एक वर्षाची हमी, खूण पुसण्यास सक्त मनाई.
"गुट!" — म्हणजे छान — म्हणाला आणि लिहून घेतलं. शिवरामभाऊ खोकत खोकत बाहेर पळाले.

१८ ऑक्टोबर
रखमाबाईंनी डब्यातली सुकटीची चटणी माझ्या पोळीवर वाढली. बोलल्या नाहीत. पण वाढली!

२१ नोव्हेंबर
कायम झाले! वर हेड ऑफिसचा फॅक्स — पिवळ्यावर लाल ही खूण आता सगळ्या देशांतल्या कारखान्यांत लागू. शिकवायला मला जर्मनीला पाठवतायत. रखमाबाईंनी कुंकवाची पुडी हातात कोंबली. "जा. पन तिकडच्या बायांना काय पुसायला सांगू नको!"