तीस मीटर लिहिलेले घड्याळ

मालवण, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

वही, क्षमा कर. तेरा महिने तुझ्यात एक ओळ लिहिली नाही आणि आज उघडली ती मृत्युपत्रासाठी. शुक्रवारी गोव्यात माझे पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर हसून बोलले, तरी निरवानिरव करून गेलेले बरे.

मी, शर्मिला भिकाजी धुरी, वय ४७, शिक्षण बी.एस्सी., धंदा घड्याळविक्री व दुरुस्ती, हे पूर्ण शुद्धीवर लिहिते. कोणाचा दबाव नाही. किळस मात्र आहे. वकीलबाईंना विचारले, किळसेने मृत्युपत्र बाद होते का? म्हणाल्या, "नाही, पण कलमे थोडक्यात लिहा."

१. राहते घर व बाजारातले दुकान बहीण तेजस्वी हिला.

२. दुकानावरची 'तुमच्या जीवनशैलीला साजेसे घड्याळ' ही पाटी तेजस्वीचा मुलगा देवेश याला. त्यानेच करून आणली होती. कंपनीची रंगीत पुस्तिकाही त्यानेच न्यावी: ऑफिससाठी हे, सहलीसाठी ते, साहसासाठी निळ्या तबकडीचे. पट्ट्याखालचा घामाचा काळा मळ मी पंचवीस वर्षे सुईने खरवडते आहे, त्याची कधी शिसारी आली नाही. या गुळगुळीत पानांना हात लावताना येते. देवेशला वाईट वाटेल. वाटू दे. मुलगा वाईट नाही, हेही लिहून ठेवते. गिऱ्हाइकांना ती वाचून दाखवणारी मी होते.

३. बाबांना पुस्तिका लागत नसे. ते गिऱ्हाइकाला म्हणत, "हात दाखव." मनगट, तळवा, नखे बघत आणि विचारत, हा हात सकाळपासून काय काय करतो. मासळी विकणाऱ्या नर्मदाकाकीला त्यांनी घड्याळ न देताच परत पाठवले होते.

"तुझो हात दिवसभर बर्फात नि मिठात. घड्याळ कुजात गो. भरती-ओहोटी तुका माझ्यापेक्षा बरी कळता."

"मगे माझे पैसे काय माशांका घालू?" काकी भांडली होती. अजून बाजारभर तेच सांगते, पण हसून. बाबा गिऱ्हाइकाला ज्यावर हात ठेवायला लावत ते लाकडी स्टूल काकीला.

४. बाबांची हत्यारे, म्हणजे भिंग, चिमटे आणि स्क्रूड्रायव्हरचा संच, देवबागचा डायलन फर्नांडिस याला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

मच्छीमारांचे खडकात अडकलेले नांगर डायलन बुडी मारून सोडवायचा. बोटीवरच्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात असायची, त्यामुळे हवा संपत नसे. किती वेळ खाली राहायचे ते मनगटावरच कळायचे. गेल्या ऑक्टोबरच्या आधीच्या ऑक्टोबरात तो दुकानात आला.

"ताय, ह्या निळा पाण्यात चलात मां?"

"किती खोल जातंस?"

"पंचवीसेक मीटर."

"मगे? तीस लिहिलेला आसा. साहसासाठीच काढलेला आसा ता."

तबकडीवरच्या तीस मीटरचा अर्थ हात धुताना उडालेले पाणी, एवढाच. हे मला ठाऊक होते. पुस्तिका माझ्या हातात उघडी होती. त्याचा हात मी बघितला नाही.

पाच दिवसांनी ते घड्याळ समुद्राखाली, दहा वाजून वीस मिनिटांवर थांबले. साडेदहाला त्याने वर यायचे होते. गढूळ पाण्यात सेकंदकाटा दिसत नाही. तो बघत राहिला, वीसच झालेत, वीसच झालेत. इतक्या खोल जास्त वेळ राहिले की वर येताना रक्तात हवेचे बुडबुडे धरतात; वर आला तेव्हापासून त्याचा डावा पाय बधिर आहे.

घड्याळ मीच उघडले. आत खारे पाणी. डायलनची बायको स्टेला समोर उभी होती. मी म्हणाले, दोष घड्याळाचा नाही, पाणी मागाहून शिरले असेल.

"माझीच नजर चुकली," डायलन तिला म्हणाला. "घड्याळाक कित्या बोल लावतंस?"

मग मी त्याला दुकानात बसवून काम शिकवले. लोक मला देवमाणूस म्हणतात. स्टेलाने नाताळला गूळ-नारळाचा दोदोल करून पाठवला. तो खाववेना आणि टाकवेना. ही हत्यारे भरपाई आहेत की गप्प राहण्याची सोय, मला ठरवता येत नाही. एक मात्र कळते: हे कलम लिहायला सोपे गेले, कारण ते वाचले जाईल तेव्हा मी नसेन. सगळ्यात जास्त किळस त्याची आहे.

५. ते बंद घड्याळ खणात आहे. ते कोणालाच देत नाही.

साक्षीदार:
(१) सारिका पेडणेकर, शेजारीण. सही बाकी.
(२) ~~डायलन बेनेडिक्ट फर्नांडिस~~

दुसरे नाव मी खोडले आहे. ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. पण खोडले ते त्यासाठी नाही. काल साक्षीला येशील का विचारले, तर बॅटरी बदलता बदलता तो म्हणाला, "खंय सही करू ता दाखय. वाचूक नको माका, ताय. तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असतला."

लिहून देणार: शर्मिला भिकाजी धुरी. माझीही सही दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत बाकी.

उद्या: बंद घड्याळ घेऊन देवबागला जाणे आणि कलम चार डायलन व स्टेलासमोर मोठ्याने वाचणे.