शहावर शह

२ जानेवारी
ती जाऊन सात आठवडे झाले. हॉस्पिटलला जाताना तिने सोडला तसाच बुद्धिबळाचा पट हॉलमध्ये आहे. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांशी तिचा डाव चालू होता. मुलगी म्हणाली, बाबा, आईच्या पटावरची नुसती धूळ किती दिवस पुसणार? बरोबर आहे. तिच्या बाजूने डाव मी पुरा करणार. जिंकूनच. तिला खेळायला मीच शिकवलं. नंतर माझ्याशी खेळणं तिने का सोडलं, कोण जाणे. बहुधा संकोच.

३ जानेवारी
मास्तरांना निरोप पाठवला, रविवारी डाव पुरा करू. ते स्पर्धांत बक्षिसं मिळवलेले. घाबरायचं कारण नाही. तीस वर्षं ऑफिसात नकाशे काढतोय; पट म्हणजे चौसष्ट प्लॉट. उद्यापासून पहाटे पाचला उठून अभ्यास.

४ जानेवारी, सकाळी ८.४०
पाचला जाग आली होती. थंडी फार. पांघरुणात मनातल्या मनात अभ्यास केला.

८ जानेवारी, रविवार
मास्तर आले. पटाकडे बराच वेळ बघून म्हणाले, वहिनींनी काय मांडून ठेवलंय! दडपण आलेलं दिसलं. चाल आमची होती. मी वजिराने शह दिला. मास्तरांनी राजा थेट कोपऱ्यात नेला, माझ्याकडे बघितलं, खाकरले. लक्ष विचलित करायचे प्रकार. मी बधलो नाही. पुन्हा शह. राजाची त्याच दोन घरांत पळता भुई थोडी! शेवटी म्हणाले, तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, नियमाने बरोबरी.
मास्तरांशी बरोबरी! ऑफिसात सांगायचं नाही. उगाच बढाई.

९ जानेवारी
ऑफिसात सांगितलं. साहेब म्हणाले, किती पाण्यात आहात कळू देत नाही हो तुम्ही.
मुलगी म्हणाली, आई तर त्यांना हरवायची. असेल. ते दमलेले असताना.

१२ जानेवारी
मास्तरांना जिन्यात गाठलं. म्हटलं, रविवारी पुन्हा बसू. गेल्या खेपेला थोडक्यात वाचलात.
म्हणाले, वाचलो कसला, तुम्ही वाचवलंत! वहिनींची दोन खेळींत मात होती. मी हरायलाच आलो होतो, त्यांचा मान म्हणून. राजा कोपऱ्यात आणून उभा केला, खाकरलो, तरी तुम्ही हरू देईनात.
मी विचारलं, चहा घेणार का? नको म्हणाले.
घरी येऊन तिचा डाव पुन्हा मांडला. तीन तास झाले. मुलगी आईकडूनच खेळायला शिकली; विचारलं तर दाखवेल. विचारणार नाही.
दोनच खेळी आहेत. सापडत नाहीत.