मागची ओळ पुढे

आई, तू चुकलीस. इतकी वर्षं मनात होतं, आज लिहूनच टाकते. तू गेलीस म्हणून माझा राग काही गेला नाही.

शाळेच्या गॅदरिंगचे नाच तूच बसवायचीस. मी चौथीत आहे, सगळा नाच मला पाठ आहे, आणि तू व्हरांड्यात ओळी लावताना माझा दंड धरून मला मागे नेऊन उभी करतेस. घरी भाकरी थापता थापता म्हणालीस, "बाईंनी स्वतःचीच पोरगी पुढं केली म्हणतील की लोक. मागंच बरी आहेस तू." पुढच्या ओळीतल्या पोरी डबासुद्धा आपापसांत खायच्या. मी एकटी बसायचे. ते तुला कधी दिसलंच नाही.

आता इथे सोलापुरातच माझा नाचाचा क्लास आहे. खाली चादरींचा कारखाना, मागांची खटखट, म्हणून गाणं मोठ्यानं लावावं लागतं. नियम एकच: कडवं संपलं की मागची ओळ पुढे, आणि पुढचीनं हात धरून वाट द्यायची. परवा एक आई भांडायला आली, "मॅडम, एवढा भारी ड्रेस शिवलाय, आमची पोरगी पुढंच पायजे." म्हटलं, "भारी असेल तर मागूनही दिसेल की! पटत नसेल तर घेऊन जा." पोरगी अजून येते.

एक मुलगी आहे, घरी तेलुगू बोलणारी. दोन महिने भिंतीला चिकटून, तोंडातून शब्द नाही. शनिवारी कडवं संपलं, पुढे माझीच लेक उभी, हलेना. तर हिनं तिच्या पाठीत बोट खुपसलं, "सरक की! आता माझा नंबर हाय." सगळा हॉल बघत राहिला. लेक सरकली, हातही दिला. नंतर दोघी पायरीवर बसून एकाच डब्यातली शेंगाचटणी-भाकरी खात होत्या. बघ, आई! एवढंच हवं होतं गं मला.

घरी येताना लेकीनं विचारलं, "मी पुढं आले की तू नेमकी मोबाइल का बघतेस?" मी नुसताच गाडीचा हॉर्न वाजवला.

हा कागद कपाटातच राहणार, म्हणून तुला सांगते. मोबाइल का बघते? भिंतीकडेला बाकीच्या आया बघत बसलेल्या असतात ना, म्हणून.