डेनच्या बोर्डाला माझी वर्गणी नाही

१२ जानेवारी

आणि ती जागा माझीच होती, हे आज आईला फोनवर पुन्हा सांगितलं. रेजायनाहून आइस हॉकीचे खेळाडू निवडायला माणूस आला तेव्हा माझा घोटा मुरगळलेला नसता, तर आज टीव्हीवर डेन ओलेक्सिनच्या जागी मी असतो. आई म्हणाली, "अरे जेरड, तो माणूस आला नोव्हेंबरात. घोटा तुझा मार्चमधे गेला." तिला तारखांचं पहिल्यापासूनच काही कळत नाही.

आता नवीन प्रकरण. गावच्या हायवेवर बोर्ड लावायचाय: 'डेन ओलेक्सिनचं गाव'. नव्या वर्षाच्या सामन्यात डेनने कोपर मारून एकाचा जबडा मोडला, लीगने त्याला दहा सामने बाहेर बसवलं, म्हणून निम्म्या गावाला त्या बोर्डाची लाज वाटते. शेवटी गावातल्या बर्फाच्या रिंकच्या कमिटीने तोडगा काढला. डेनबरोबर लहानपणी खेळलेल्या प्रत्येकाची वर्गणी आली तरच बोर्ड. एकाने जरी नाही म्हटलं, तर विषय बंद. सगळ्यांची आली. राहिलो मी.

म्हणजे आज गावातला सगळ्यात मोठा माणूस मी. एक सेंट देणार नाही.

१५ जानेवारी, जेवणानंतर

परांची बांधताना गारठ्याने लोखंडाला हातमोजे चिकटत होते. तेलाच्या खाणीत हे असंच. डेनचंही काम बर्फावरच, पण त्याला लाखो मिळतात.

कामगारांच्या कॅम्पात, खोलीत माझ्याबरोबर गस पिनसेंट असतो. न्यूफाउंडलंडचा, पन्नाशीचा, तोंडाला झाकण नाही. त्याला सांगितलं, डेनला मारामारी मीच शिकवली. समोरच्याचा शर्ट डोक्यावरून ओढायचा, मग ठोकायचं. गस म्हणाला, "शिकवलंस कसं रे पोरा?" म्हटलं, सरावात तो माझ्यावरच करायचा. गसने दुसरा बूट काढला. मग म्हणाला, "म्हणजे मास्तर नव्हतास. फळा होतास."

त्याच्याशी उद्यापासून बोलणार नाही.

१९ जानेवारी

रेडिओवर डेनवर चर्चा. एक म्हणतो कायमचा हाकला. दुसरा म्हणतो, असे गडी आहेत म्हणून तिकिटं खपतात. बंदी घाला, हे सांगायला मीही फोन लावला. लहानपणापासून ओळखतो म्हणजे माझ्या शब्दाला वजन. रांगेत असताना कुणीतरी बोलला, त्या बाजूच्या गावांतली पोरं जनावरंच असतात. माझा नंबर लागल्यावर आधी त्याला उत्तर द्यावं लागलं. त्यात वेळ संपला. बंदीचं राहून गेलं.

२३ जानेवारी

योजना पक्की. सुट्टीत एडमंटन. शिक्षा संपून डेनचा पहिला सामना तिथेच आहे. सुरुवातीच्या सरावाला काचेपाशी उभा राहणार, आमच्या जुन्या टीमची टोपी घालून. तो बघेल आणि मान खाली घालेल. ते पाहिलं की तिथूनच आईला फोन. नकार, कायमचा.

गस येतोय. साक्षीदार हवा.

२९ जानेवारी, एडमंटन, बसची वाट बघत

काचेपाशी गेलो. डेन आला. नाक दोन ठिकाणी वाकडं, तरी बायका त्याच्याकडेच बघत होत्या. माझं नाक सरळ आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या आरपार पाहिलं, आणि स्टिकने पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, उचलून काचेवरून टाकला. गसला. गस म्हणतो, "भला पोरगा आहे रे."

सामना सुरू. अख्खं स्टेडियम डेनला शिव्या घालत होतं, मी सगळ्यांत मोठ्याने. त्याने गोल केला. पायाला लागून गेला, तो मी धरत नाही. दुसरा केला. नशीब. मग तिसरा. चार वर्षांत मिळून पाच गोल केलेला माणूस. एकाच गड्याने तीन केले की लोक कौतुकाने टोप्या बर्फावर फेकतात, पण पाहुण्या टीमच्या माणसासाठी एडमंटनमधे कोण फेकणार. एकच टोपी पडली.

मी डोक्याला हात लावला. टोपी नव्हती.

रागाने फेकली. राग फारच आला होता. डेनने ती उचलली, बिल्ला पाहिला, वर पाहिलं. पलीकडच्या बाजूला. शेजारच्याने मला विचारलं, "तुझा भाऊ लागतो का काय?" म्हटलं, हो. त्याला गप्प करायला.

३१ जानेवारी, कॅम्प

आईचा फोन. सामना रिंकवरच्या टीव्हीवर लावला होता, सगळ्यांनी बिल्ला ओळखला. एडमंटनला कोण गेलंय तेही गावाला ठाऊक. आई म्हणाली, "जबडा मोडल्यापासून डेनच्या आईशी कुणी धड बोलत नव्हतं. तुझी टोपी पडली तशी चारचौघी उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. रडली रे ती." मी समजावत होतो की फेकण्या-फेकण्यात फरक असतो. ती म्हणाली, "तुझं मन मोठं आहे, मला माहीत होतं." मधे बोलूच देत नाही.

मग म्हणाली, बोर्डाच्या मागच्या बाजूला वर्गणीदारांची नावं येणार, जास्त देईल तो वर. सगळ्यांचे पन्नास. कर्टिस हुडाकचे शंभर, म्हणून तो पहिला.

कर्टिस. ज्याला अजून उलटं स्केटिंग येत नाही.

बोर्डाला माझा विरोध कायम आहे. तो तत्त्वाचा प्रश्न आहे. पण कर्टिसचं नाव सगळ्यांत वर, हे गावाला शोभत नाही.

सकाळी पाठवतो. एकशे पाच डॉलर.