चिमणाबाई मला भीत होत्या

३ फेब्रुवारी, सकाळ
माझ्याविरुद्ध खंडणीची तक्रार झाली आहे. पोलीस ठाण्यातल्या हवालदार सयाजीनं फोनवर कन्फर्म केलं. तक्रारदार सम्राट, म्हणजे दूध कट्ट्यावर म्हशींची धार काढणाऱ्या चिमणाबाईंचा मुलगा. आरोप: कट्ट्यावरच्या शेणाच्या तक्रारीचा अर्ज महापालिकेत देईन अशी धमकी, आणि त्या जोरावर रोज एक ग्लास धारोष्ण दूध फुकट.
मी सामाजिक कार्यकर्ता आहे. अर्ज फक्त दाखवला. दूध त्यांनी आपणहून दिलं. लगेच दिलं, हा योगायोग.

दुपार
वकीलमित्र शशिधरनं खंडणीचं कलम ३०८ वाचून दाखवलं. नुकसानीची भीती घालायची आणि त्या भीतीपोटी वस्तू द्यायला लावायची. दूध वस्तू नाही, अन्न आहे, हा माझा मुद्दा. "गड्या, हे कोर्टात बोलू नकोस." ग्लास रोज विसळून परत केला, हेही त्याला पटलं नाही.
उरली भीती. आपण भ्यालो नव्हतो असं बाईच म्हणाल्या, तर निभावेल. जेवण गेलं नाही.

४ फेब्रुवारी
कट्ट्यावर गेलो. हात जोडून विचारलं, मला भीत होता का? धार न थांबवता बाई म्हणाल्या, "तुला? आरं, माझी म्हैस बी तुला भीत न्हाय. कागद हलवत हुबा ऱ्हायलास, बरगड्या दिसत हुत्या. वाटलं, उपाशी हाय. म्हणून पाजत होतो की. जबाब बी ह्योच देतो."
दुधाला लागलेली रांग हसली. मागून एकजण: "पावणं, अजून एक घ्या, अंगाला लागंल!"
सुटलो.

५ फेब्रुवारी
झोप नाही. बायको भाजी आणायला गेली आणि 'उपाशी कार्यकर्ता' ऐकून आली. या वर्षी वॉर्डात उभं राहायचंय. इतक्या वर्षांचा दरारा म्हशीखाली गेला. आता गप्प राहायचं. एक शब्द बोलायचा नाही.

६ फेब्रुवारी
सयाजी म्हणाला, बाईंचा जबाब झाला, तुम्हीपण चार ओळी द्या, विषय मिटला. दोन पानं झाली. 'सदर बाई माझ्या अर्जाला घाबरूनच दूध देत होत्या. वॉर्डात मला सगळेच घाबरतात.' खाली ठसठशीत सही.
सयाजीनं दोनदा वाचलं. मला खुर्ची दिली. साहेबांना फोन लावला.
उद्या अकराला साहेबांनी बोलावलंय. शशिधरला सांगितलं, तर जाताना जादा शर्ट आणि टॉवेल घे, म्हणतो. शर्ट फोटोसाठी असेल. टॉवेलचं कळत नाही.