बाबा, गवत नव्हतं ते

ती. बाबांना,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे परदेशात, हौगांगला मजेत आहोत. तुमच्या नातीची, जाईची परीक्षा छान झाली. पण मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे.

तुम्ही इथे राहायला आलात, तेव्हा शेजारच्या कोरियन काकूंकडून मी मुद्दाम तुमच्यासाठी त्यांचा साधा स्वयंपाक शिकले. वाफवलेलं टोफू, कोबीचं सूप, तिळातला पालक. तुमची शुगर उतरली, डॉक्टरही खूश झाले. आणि घरी परतल्यावर तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, "पोरीनं मला महिनाभर गवत चारलं!"

रोज जिलेबी चालू आहे, हे उज्ज्वलदादाकडून कळलं. पायाची जखम भरली का? खरं सांगा.

वर म्हणता, "तुझ्या आईला ते कोरियन जमत नाही, मी काय करू?" तिचे दुखरे गुडघे बघा आधी!

पालक उकळत्या पाण्यात बुडवून लगेच काढा, गार पाण्यात टाका, घट्ट पिळा. त्यात ठेचलेला लसूण, भाजलेले तीळ आणि चिमूटभर मीठ कालवा. झालं! एवढं तुम्हीच करायचं. रात्री तुमच्यासाठी काहीही रांधू नकोस, असं मी आईला बजावलंय.

ती लगेच "बरं" म्हणाली.

तुमची, अजून रागावलेली,
ऋचा