चार नंबरला कोणीतरी लागतं

२ डिसेंबर
आज रुजू झाले! या जंगलपट्टीत डायलिसिसला तंत्रज्ञ टिकत नाहीत, म्हणून दवाखान्यानेच शिष्यवृत्ती देऊन मला नागपूरला शिकवलं. बदल्यात तीन वर्षं सेवेचा बाँड. तीन कशाला, मी पाच करीन. निघताना बाबांनी वंदना घेतली आणि माझ्या पांढऱ्या कोटाला स्वतः इस्त्री केली. घरातली पहिली पदवीधर मी.

खोली स्वच्छ आहे. पाच बेड, पाच मशीन. वरिष्ठ देवानंद सरांनी पद्धत सांगितली: पेशंट आला की वजन, मग सुया, चार तास मशीन, पुन्हा वजन. रोज सकाळी काटा तपासायला आधी आपणच चढायचं. माझं बावन्न भरलं.

५ डिसेंबर
पेशंट नीट बोलत नाहीत. दोन नंबरचे भोजराजकाका म्हणाले, तू कायले आली वो बाई? मागची तर सात महिन्यांतच सरली. बाकीचे हसले.

चार नंबरवर कोणी नसतं, तरी मशीन सुरू असतं. देवानंद सर म्हणाले, त्याचंही वजन वहीत मांडत जा. मला वाटलं, सरकारी योजनेच्या पैशासाठी खोटा पेशंट दाखवतात, दुसरं काय! मी लिहिलं, ‘रुग्ण गैरहजर’.

९ डिसेंबर
आज चार नंबरच्या नळ्या लाल होत्या. बेडवर कोणी नाही. गादी मात्र दबलेली.

माझं वजन सकाळी बावन्न, दुपारी एक्कावन्न. भोजराजकाका म्हणाले, घ्या, चार नंबरला लागली एकदाची! आणि सगळे पहिल्यांदाच मोकळे बोलू लागले. माझ्याशी नाही, आपसात.

१६ डिसेंबर
सेहेचाळीस. कोट खांद्यावरून घसरतो.

सरांना विचारलंच. मान वर न करता म्हणाले, चार नंबरला कोणीतरी लागतं. नाही मिळालं तर तिथे जो आहे तो या पेशंटच्या नळ्यांतून ओढतो. बाहेरची माणसं पळून जातात, म्हणून पोरी शिकवून आणतो.

मी निघाले, तर काकांनी दारात काठी आडवी घातली. म्हणाले, मले मारून जाऊन राहिली काय?

सर म्हणाले, जाऊ द्या तिला. ती नसली तर बाँडवर जामीनदाराची सही आहे.

जामीनदार बाबा आहेत.

१९ डिसेंबर
बेचाळीस. जिना चढवत नाही. बाबांना सांगायला हवं—फोन लागत नाही—घरीच जाते—

बसस्टँडवर असताना बाबांचाच फोन आला. खूश होते. म्हणाले, दवाखान्याची गाडी आली घ्यायले, पोरीचा सत्कार हाय म्हणतात, नवा शर्ट घालून राहिलो. मी ओरडले, बसू नका त्या—

फोन कटला.

दुपार
दवाखान्यात परत आले. बाबा काट्यावर. पासष्ट—चौसष्ट—त्यांना काहीच कळत नव्हतं. मला म्हणाले, वाळली काऊन वो? जेवत नाही काय?

सरांनी वही उघडून विचारलं, चार नंबरला कोणाचं मांडू?

माझं, म्हटलं. बाबांना सांगितलं, काम आहे, बाहेर बसा.

चार नंबरवर, डाव्या हाताने लिहितेय. उजव्यात सुई. कोणीतरी सरकून मला जागा दिली—गार आहे—अंगावर हात—

काचेपलीकडे बाबा काकांना हात जोडून राहिलेत—म्हणतात, भाऊ, आता पोरगी तुमच्याच हवाली, तिले कुठं जाऊ देऊ नका—